पाखाडीवरचं ओझं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. गोष्ट नाटे गावच्या हर्षदची आहे आणि तो अजून हयात आहे. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा. सांगणार काही नाही, उलट अंगावर येईल, पण विचारा.

हर्षद पर्यटकांना जुन्या वाटा दाखवायचा. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, खाडीकडे उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी हा त्याचा हुकमी एक्का. तिच्या मधोमध एक चौथरा आहे. बंदर चालू होतं तेव्हा हमाल गलबतांतला माल डोक्यावर घेऊन ही पाखाडी चढायचे आणि त्या चौथऱ्यावर ओझं टेकायचे. कितीक जण तिथेच छाती फुटून मेले. म्हणून रिवाज असा, की तिथे काहीही टेकवलं तर उचलताना म्हणायचं, "माझं ओझं माझंच." नाहीतर ते दुसरंच कोणी उचलतं. हर्षद हे इतकं रंगवून सांगायचा की मुंबईकर टाळ्या पिटायचे. त्याचा स्वतःचा मात्र काडीचा विश्वास नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, एका पाहुण्या बाईंची औषधांची पिशवी तिथे राहिली. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. झोपण्याआधीची गोळी त्यातच होती. हर्षदची बायको योगिनी दवाखान्यात रात्रपाळीला, आणि घरात चार वर्षांची लेक आरोही झोपलेली. त्याने पोरीला गाडीत घातलं. सड्यावर पोचल्यावर तिला गाडीत एकटं ठेववेना, म्हणून खांद्यावर घेतलं. जीव होता हो त्याचा पोरीवर, ते नाकारत नाही मी.

पाखाडीच्या तोंडाशी आनंदीबाईंचं घर. म्हातारीने पडवीतून हटकलं, "पोरीस खाली नेव नको रे बाबा. हितं ठेव माझ्यापाशी, नि जा तू."

"दहा मिनिटांचं काम, आजी."

अक्कल गहाण टाकली ती तिथे!

पिशवी चौथऱ्यामागच्या करवंदीच्या जाळीत अडकली होती. दोन्ही हात लागणार होते. त्याने पंचा अंथरून आरोहीला चौथऱ्यावर निजवलं, पिशवी सोडवली, पोरीला उचललं आणि चढायला लागला. दिवसातून दहादा लोकांना सांगितलेलं ते वाक्य त्याच्या तोंडून काही आलं नाही.

पहिल्या दहा पायऱ्या बरा चालला. मग खांदा भरून आला. झोपलेलं पोर जड लागतंच, असं त्याने मनाला सांगितलं. वीस पायऱ्या. खांदा ओला झाला. घामेजली असेल पोर.

मग वरून हाक आली.

"बाबा..."

आरोहीचा आवाज. झोपेतला. दहा पायऱ्या पुढून.

त्याने बॅटरी वर मारली. पाखाडी रिकामी. पण अनवाणी पावलं वाजत होती. ओझं घेतलेल्या माणसाची धाप ऐकू येत होती. वर... वर...

"बाबा..."

आता आणखी लांबून.

मग खांद्यावर कोण?

त्याने पाठीवरून हात फिरवला. लहान पोराची पाठ नव्हती ती. रुंद. गार. आणि श्वास घेत होती...

बॅटरी पडली. तिसऱ्या खेपेला शब्द फुटला.

"माझं ओझं माझंच!"

वरची पावलं थांबली. सगळंच थांबलं. आणि अगदी त्याच्या कानाशी कुणीतरी विचारलं,

"मग मी कुणाचं?"

...

खांद्यावरचं झिडकारून तो धावला. मागे काही पडल्याचा आवाज आला नाही. वरच्या पायरीवर आरोही ताठ बसली होती. डोळे उघडे. खाडीकडे बघत. त्याने तिला उराशी धरलं आणि लहान पोरासारखा रडला.

पोर मिळाली ना, म्हणाल. मिळाली. तापसुद्धा आला नाही. हर्षदने वाटा दाखवणं त्या दिवसापासून बंद केलं.

पण सकाळी योगिनीने तिला न्हाऊ घालायला घेतलं आणि किंचाळली. पोरीच्या पाठीवर गेरूची खूण होती. एक आडवी रेघ, खाली दोन ठिपके. पूर्वी गलबतावर चढवायच्या गाठोड्यावर धन्याची खूण करत, तशी; तिसरा ठिपका पडला की गाठोडं गलबतावर चढायचं. साबण झाला, खोबरेल झालं, रॉकेल झालं, रत्नागिरीचे डॉक्टर झाले. ती काही जात नाही.

आता पोर सात वर्षांची आहे. परवा योगिनी सांगत होती, तिसरा ठिपका उमटलाय.