बोटाचं म्हणणं

रुचिकोशाचा निकाल आला तेव्हा शर्वरी मगदूम सांगलीच्या इस्पितळात अण्णांच्या उशाशी बसून त्यांना मऊ भात भरवत होती. फोनच्या काचेवर दोनच ओळी उमटल्या होत्या : ‘मुलीकडे राहणे नको. वृद्धनिवास चालेल.’

तिने त्या तीनदा वाचल्या. मग वाटी खाली ठेवली आणि मनातल्या मनात थेट वहिनीचं नाव घेतलं.

अर्धांगवायूने अण्णांची वाचा गेली होती आणि उजवा हातही. अशा माणसाच्या वतीने बोलायचं कुणी, यावरून पूर्वी सख्खी भावंडं कोर्टात जायची. आता कायद्याने तो तंटाच मिटवला होता. माणसाच्या फोनमधला रुचिकोश त्याच्या वतीने बोलायचा. रुचिकोश म्हणजे आवडीनिवडींचं कोठार. चहात साखर किती, पंखा कितीवर, भाजी कुठली, दार उघडं की बंद, सगळं त्यात साठवलेलं आणि घर त्याच्याच हुकमाने चालायचं. हाकेला ओ देणारा नोकर परवडला, पण हा हाक मारायच्या आधीच हजर.

पण अण्णांना मुलगी नको? छे, हे कुणाला पटणार! बापलेकीची जीभ एकच, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दोघांचा चहा बिनसाखरेचा, दोघांना कारलं प्रिय. ‘अण्णा अगदी माझ्यावर गेलेत,’ असं ती उलटंच सांगायची आणि लोक हसायचे.

बरं, दिवाळीत अण्णांचा फोन दोन दिवस कुणाकडे होता? भावाकडे, अभिनंदनकडे. का, तर म्हणे काच बदलायला. आणि मिरजेच्या वृद्धनिवासाचं माहितीपत्रक कुणाच्या पर्समध्ये होतं? प्रणालीवहिनीच्या. ‘कुठंतरी पाणी मुरतंय,’ असं तिने नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या आजींना सांगितलं, रिक्षावाल्यालाही सांगितलं. शनिवारपर्यंत हरकत सिद्ध झाली नाही तर अण्णांना मिरजेला हलवणार होते. शुक्रवारी दुपारी ती अण्णांचा फोन घेऊन डॉ. नसीम तांबोळींकडे गेली. वादातले रुचिकोश तपासणं हे त्यांचं काम.

तासाभराने डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. फोनमधलं काहीही कुणी बदललेलं नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. अकरा वर्षांत फोन चार झाले, पण नोंद तीच, एका फोनातून उचलून दुसऱ्यात ठेवलेली. शर्वरीचा चेहरा पडला, कारण वहिनी सुटली होती.

मग डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. रुचिकोश पहिल्या दिवशी चाळीस प्रश्न विचारतो, पुन्हा कधीच नाही. मूठभर बियाण्यावर शेत उभं राहावं तशी पुढची हजारो उत्तरं तो त्या चाळिसांवरून काढतो. आणि आपण कुठलं बटण दाबलं ते तो साठवतच नाही. बटण माणूस लाजेकाजेनेही दाबतो. पण काचेला टेकलेलं बोट दाबण्याआधी क्षणभर पुढे ओढ घेतं, नाहीतर कचरतं. त्या सूक्ष्म थरथरीला स्पर्शकंप म्हणतात. साठवला जातो तो स्पर्शकंप, आणि तो सहीसारखा ज्याचा त्याचाच असतो.

“म्हणजे अण्णांचं बोट माझ्या नावाला कचरलं?” शर्वरीने विचारलं. तिला रडू येत होतं.

डॉक्टरांनी पडद्यावर दोन नागमोडी रेषा शेजारी शेजारी लावल्या. एक फोनमधली. दुसरी शर्वरीने मघाशी दारात नाव नोंदवताना बोट टेकवलं तेव्हाची. त्या एकमेकींवर सरकवल्या, तर एकच रेषा उरली.

“हे बोट अण्णांचं नाही, शर्वरीताई. तुमचं आहे.”

तिला लख्ख आठवलं. आई जाऊन महिनाच झाला होता. अण्णा नव्या फोनशी झटापट करत होते. “द्या इकडं अण्णा, तुम्हाला नाही जमायचं,” असं म्हणून तिने पाच मिनिटांत चाळीसही प्रश्न उरकले होते. ‘म्हातारपणी कुणाकडे?’ या प्रश्नाला तिने हसत ‘मुलीकडे’ दाबलं आणि ते अण्णांना दाखवलंही होतं. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. त्याआधीची तीन वर्षं तिने अंथरुणावरच्या आईला कुशीवर वळवलं होतं. तिची पाठ अजून दुखत होती. ‘मुलीकडे’ दाबताना बोट कचरलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

“आणि चहातली साखर?” तिने हळूच विचारलं.

“तीही तुमचीच.”

अकरा वर्षं अण्णा बिनसाखरेचा चहा पीत होते. यंत्राला आपली तब्येत कळत असणार, असं समजून कारलंही निमूट गिळत होते. शर्वरीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

उपाय सोपा होता. जुनी नोंद पुसायची आणि अण्णांच्या डाव्या हाताचं बोट टेकवून नवी घ्यायची. कुणाकडे राहायचं त्या प्रश्नावर मात्र आता ज्याच्याकडे राहणार त्याच्या संमतीचंही बोट लागतं. ती धावतच इस्पितळात आली.

अण्णांचं बोट शाबूत होतं. साखर : दोन चमचे. कारलं : नको. दार : उघडं. एकेक उत्तर उमटताना ते चक्क हसत होते, तोंडाच्या एका बाजूने. एकेचाळीस वर्षांची शर्वरी आपल्या बापाला पहिल्यांदा ओळखत होती. मग तो प्रश्न आला. अण्णांनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

‘मुलीकडे.’

तिने त्यांचा हात छातीशी धरला. काचेवर पुढची ओळ आली : ‘मुलीची संमती?’

शर्वरीने ‘हो’ दाबलं.

चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली : ‘संमती उमटली नाही. कृपया पुन्हा बोट टेकवा.’

तिने बोट पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं. मग आणखी जोराने. प्रत्येक वेळी तीच अक्षरं येत होती. अण्णांना घरी नेण्याची तिची खरंच तयारी होती, देवाशपथ होती. खोली तिने मनात रिकामीही केली होती.

अण्णा आता फोनकडे बघत नव्हते. ते तिच्या बोटाकडे बघत होते.

थोड्या वेळाने त्यांनी डाव्या हाताने तिचं बोट काचेवरून अलगद बाजूला केलं आणि उशाशी ठेवलेल्या रात्रीच्या भाताच्या वाटीकडे खूण केली.