चौथ्या पॅनलवरची सावली

ती तरातरा शेडमध्ये घुसली तेव्हा तिच्या हातात पाना होता, केसांत लाकडाचा भुसा होता आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता.

"अहो, जरा थांबता का?"

ठण्. ठण्. ठण्.

"अहो!"

ठोकणारा पाठमोरा बसला होता. कुठल्याशा गाडीचा चेमटलेला दरवाजा गुडघ्यांत धरून तो आपल्याच तंद्रीत हातोडी चालवत होता. शेवटी तिनं पान्यानंच त्या पत्र्यावर एक सणसणीत ठोका हाणला. तो दचकून वळला. त्यानं आधी पान्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं... आणि मग गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडं.

"जोर चांगला आहे," तो म्हणाला. "पण तिरका बसला. आता तेवढा पोचा मला पुन्हा काढावा लागणार."

"तुमच्या ठणठणाटात मला माझं मशीन लावता येत नाहीये. मी शेजारी कान तपासायची खोली बांधतेय."

"इथं? गॅरेजांच्या आवारात?" त्याला हसू आवरेना. "शेजारी एखादी नवी फॅक्टरी निघतेय का बघा, तिथं जास्त शांतता मिळेल."

"खोली गाडीत आहे. गाडी इथून जाणार आहे," ती ठसक्यात म्हणाली. "तोवर अर्धा तास हातोडी खाली ठेवलीत तर उपकार होतील."

त्यानं हातोडी खाली ठेवली. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून त्याचं कामात लक्ष म्हणून लागलं नाही.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. तिचे बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या बस चालवून निवृत्त झालेले, आणि निवृत्त ड्रायव्हरला घरात बसवणं म्हणजे जिवंत माणसाला कपाटात ठेवणं. तिनं दवाखान्यात कान तपासायची नोकरी केलेली. दूरच्या वस्त्यांवरची माणसं तिथं यायची ती फार उशिरा यायची. कुणी आजोबा नातवाचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून वर्षानुवर्षं नुसतेच हसत राहिलेले. माणसं आपल्याकडं येत नाहीत तर आपण त्यांच्याकडं जावं, इतका साधा विचार होता तो. पुढच्या अर्ध्या बसमध्ये दोन बाकांचे बिछाने, शेगडी, छोटंसं बेसिन. मागच्या अर्ध्यात जाड नमद्यानं मढवलेली, काचेची खिडकी असलेली, आवाज न शिरणारी खोली.

प्रश्न फक्त विजेचा होता. जनरेटर लावला की त्याच्या घरघरीत कान काय तपासणार, कपाळ? म्हणून छतावर सोलर पॅनल, आणि तीही स्वतःच्या हातानं बसवायची. "आडवाटेला काही बिघडलं तर मेकॅनिक कुठून आणू?" ती म्हणायची. "ज्याला जोडता येतं त्यालाच उघडता येतं."

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक अख्खा दिवस, कुठंही प्लग न लावता, गाडीत तपासण्या करून दाखवायच्या. जमलं तर वस्त्यांवरच्या सगळ्या फेऱ्या तिच्या. नाही जमलं तर गाडी विकायची.

"साहेब," बाबा तिला म्हणायचे. गाडीची मालकीण ती, म्हणून साहेबही तीच. "नापास झालो तर मी आरामखुर्चीत आणि तू दवाखान्याच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत. तेव्हा स्क्रू नीट आवळ."

पहिलं पॅनल छतावर चढवायच्या दिवशी तो शिडीपाशी येऊन उभा राहिला.

"मदत नकोय मला," तिनं वरूनच सांगून टाकलं.

"मी कुठं मदत म्हटलं? कशाला हातही लावणार नाही. शिडी तेवढी धरतो."

"शिडी आपली आपण उभी राहते."

"राहते की. पण तिला एकटं वाटतं."

ती हसली नाही. म्हणजे तोंड फिरवून हसली. त्यानं मात्र दिलेला शब्द पाळला. तिनं छताला भोकं पाडली, बोल्ट आवळले, भोवती सीलंट भरलं, बोटं चिकट करून घेतली, एकदा अंगठ्यावर पाना पाडून घेतला, तरी त्यानं कशाला हात लावला नाही. फक्त शिडी धरून खालून एकेक प्रश्न सोडत राहिला.

"हे तुम्ही शिकलात कुठं?"

"चुकून चुकून."

"लग्न झालंय?"

"पॅनलचं?"

"...तुमचं."

"दहाचा पाना द्या." मग थोड्या वेळानं, "नाही झालेलं. आणि हा अकराचा आहे."

चारही पॅनल एका ओळीत बसली. ज्या दिवशी गाडीतला पंखा नुसत्या उन्हावर गरगरला त्या दिवशी बाबांनी हॉर्न वाजवून सगळं आवार गोळा केलं. ती पंख्याखाली डोळे मिटून उभी राहिली. तो दारात उभा होता, आणि पंखा नेमका कसा दिसतो हे त्याला आजही सांगता येणार नाही.

पण सुख असं सरळ चालत येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गाडीत बसवलेल्या कंट्रोलरच्या डब्यावरचा विजेचा आकडा धाडकन उतरला. ती धावत छतावर चढली. वर लख्ख ऊन, पॅनल स्वच्छ, सगळं जागच्या जागी. खाली येऊन बघते तर आकडा पुन्हा ठणठणीत! तिसऱ्या, चौथ्या दिवशी तेच. वर चढली की दुखणं गायब, खाली येऊन बसली की थोड्या वेळानं पुन्हा सुरू. तिनं सगळे जोड उघडून पुन्हा जोडले. फ्यूज बदलले. बिचाऱ्या बॅटरीवर संशय घेतला, तिला उगाच शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"भूतबाधा आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, परवा परीक्षा आहे!" तिचा आवाज फुटला. इतके दिवस पान्यासारखी ताठ असलेली ही मुलगी बाकावर बसून ढसाढसा रडली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही.

रडून झाल्यावर तिनं डोळे मिटले. शेवटी ती कानाची माणूस. डोळ्यांना सापडत नाही ते ऐकून बघावं. पंख्याची घूं... इन्व्हर्टरची बारीक गुणगुण... बाहेर शेडमधून ठण्, ठण्, ठण्. मग ठण् थांबलं. जरा वेळानं तिनं डोळे उघडले. आकडा उतरला होता.

ती जागची हलली नाही. थोड्या वेळानं ठण् पुन्हा सुरू झालं, आणि आकडा वर चढला.

दुसऱ्यांदा हातोडी थांबली तेव्हा ती अनवाणी बाहेर पडली, मांजराच्या पावलांनी शिडी चढली आणि छताच्या कडेवरून डोकं वर काढलं.

शेजारच्या शेडच्या पत्र्यावर, मावळतीकडं पाठ करून, हातात चहाचा ग्लास घेऊन तो उभा होता. गाडीच्या दाराकडं टक लावून बघत होता. आणि त्याची लांबलचक सावली पत्र्यावरून उतरून चौथ्या पॅनलवर आरामात आडवी पसरली होती.

"सापडला!"

त्याचा ग्लास हातातून सुटला आणि पत्र्यावरून गडगडत खाली गेला.

"तुम्ही... रोज इथं उभे राहता?"

"चहा प्यायला." त्याचे कान लाल झाले होते. "हवा चांगली असते."

"आणि मी वर आले की पळता?"

"मग काय, उभा राहून सांगू, की तुम्ही दारात याल म्हणून वाट बघतोय?"

बोलून गेला आणि त्यानंच जीभ चावली. तिला खरं तर त्याच्यावर भडकायचं होतं. तीन दिवस, दोन फ्यूज आणि इतके अश्रू! पण राग काही केल्या सापडेना. कुठं ठेवला होता कोण जाणे.

"माझी चारही पॅनल एकामागोमाग जोडलीत," ती म्हणाली. "माणसांनी हात धरून साखळी करावी तशी. एकावर सावली पडली की सगळी ओळ अडते. तुमची सावली माझी वीज खाते."

"बरं," तो खाली बघत म्हणाला. "उद्यापासून चहा खालीच पिईन."

तो शेडमागून उतरून गेला. ती मात्र बराच वेळ छतावर बसून राहिली. चौथं पॅनल आता उन्हात लखलखत होतं, आकडाही नक्कीच वर गेला असेल... आणि तिला काही म्हणता काही बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सगळी जोडणी उपसून काढली. जाड केबल आणली, प्रत्येक पॅनलची वाट वेगळी केली, प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज बसवला. आता एकावर सावली पडली तरी तेवढंच मंदावणार, बाकीची तीन आपली चालू.

"परीक्षेच्या आदल्या दिवशी? डोकं फिरलंय का, साहेब?" बाबांनी कपाळाला हात लावला.

"वस्त्यांवर झाडं असतात, बाबा. सावली पडणारच."

"झाडं," बाबा म्हणाले. त्यांनी शेडच्या रिकाम्या पत्र्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. "हो हो. झाडंच ती. चहा पिणारी."

परीक्षेच्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, चष्म्यावरून गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "उन्हात का उभी केलीय? माणसं ताटकळणार कुठं? त्या झाडाखाली घ्या."

बाबांचा हात गिअरवर थबकला. तिनं मान हलवली. गाडी झाडाखाली गेली आणि फांदीची सावली एका पॅनलवर पसरली. ती डब्याकडं बघायलाच धजेना. शेवटी एक डोळा किलकिला करून पाहिलं. आकडा उतरला होता... पण तुटला नव्हता. एक पॅनल सुस्तावलं होतं, तीन इमानेइतबारे राबत होती. जुनी जोडणी असती तर दुपारच्या आत सगळं आटोपलं असतं. तिनं मनातल्या मनात शेडच्या पत्र्याला हात जोडले.

दिवसभर आवारातली माणसं एकेक करून आत येऊन बसली: टायरवाला, वेल्डर, चहावाल्या मावशी. दुपारी ढग येऊन गेले, तेवढ्यापुरती बॅटरीनं धुरा सांभाळली. डॉक्टरीणबाई मधूनच दुसरा हेडफोन कानाला लावून तपासणी ऐकत, मधूनच बाहेर जाऊन बाबांशी बोलत. ऊन तांबूस झालं तेव्हा शेवटचा माणूस आत आला. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, आणि हात कुठं ठेवावेत ते न कळणारा.

"आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. इथं दिवा लागेल," ती काचेपलीकडून माइकमध्ये म्हणाली.

जाड सूर त्यानं टिपले. मधले टिपले. बारीक, उंच सूर आले तेव्हा मात्र दिवा लागला नाही. तिनं आवाज वाढवला. तरी नाही.

"उद्यापासून कानांवर आवाज अडवणारे मफ घातल्याशिवाय हातोडी धरायची नाही," ती दरडावून म्हणाली. "गेलंय ते थोडं आहे. उरलेलं मला जपायचंय."

"तुम्हाला?" तो म्हणाला.

तिनं शब्दांची तपासणी सुरू केली. ती म्हणणार, त्यानं ऐकून तेच म्हणायचं, आवाज दर वेळी कमी होत जाणार.

"घर."

"घर."

"पान."

"पान."

"दार..."

"दार."

आवाजाची कळ तिनं अगदी शेवटच्या खुणेवर आणली. एवढं हळू की झोपलेलं मूलही जागं होऊ नये. यादी संपली होती. तिनं काचेतून त्याच्याकडं पाहिलं. तो डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, अख्ख्या जिवानं ऐकत होता.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली.

काही नाही. गेला तोही सूर, तिला वाटलं. लाज, हायसं आणि दुःख सगळं एकदमच दाटून आलं.

मग दिवा लागला. विझला. पुन्हा लागला, आणि मग विझेचना. आत तो बटणावर अंगठा दाबून बसला होता आणि वेड्यासारखा हसत होता.

"आता म्हणून दाखव," ती कशीबशी म्हणाली. "तपासणीचा नियम आहे."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या ठोक्यापासून. तिरका होता तरी."

"उच्चार स्पष्ट," मागून आवाज आला. ती गर्रकन वळली. मोठ्या डॉक्टरीणबाई दुसरा हेडफोन कानावरून उतरवत होत्या. "शेवटचं वाक्य यादीत नव्हतं. पण एवढ्या हळू आवाजात रुग्णाला ऐकू आलं, म्हणजे खोली उत्तम आहे आणि वीजही. सोमवारपासून फेऱ्या सुरू करा." दारातून उतरताना त्या थांबल्या. "आणि दर फेरीनंतर गाडीचे पत्रे तपासून घेत जा. इथंच."

बाबांनी हॉर्न दाबला तो सोडेचनात. आवार पुन्हा गोळा झालं. टायरवाल्यानं कुणालाही न विचारता सगळ्यांना चहा सांगितला.

गर्दी ओसरल्यावर गाडी झाडाखालून पुन्हा आपल्या जागी आली आणि ती पॅनल पुसायला छतावर चढली. तो सवयीनं शिडी धरायला वाकला.

"खाली काय उभा राहिलास? वर ये."

"पण सावली..."

"ये म्हणते ना."

तो चढला. दोघं चौथ्या पॅनलच्या कडेला खांद्याला खांदा लावून बसली. मावळतीचं ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि दोघांची मिळून एकच लांब सावली पॅनलवर पडली होती.

खालून बाबांची हाक आली. "साहेब! आकडा थोडा उतरलाय गं!"

"उतरू दे, बाबा!" ती ओरडली. "बाकीची तीन चालू आहेत!"