फळ्यावरचं बटण

यात पदरचं मी काहीही घातलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं ती माझी मावसबहीण. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो.

ताई थापा मारणाऱ्यातली नाही. उलट कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की म्हणायची, "अरे, मला भुतापेक्षा सोमवारच्या मीटिंगची भीती वाटते."

आता म्हणत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता. भर दुपार. पडदे उघडे होते, खोलीत लख्ख ऊन होतं, खाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

घर तिच्या आईवडिलांचं, म्हणजे माझ्या मावशी-काकांचं. तिसरा मजला. बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. काका एकटेच राहायचे, पण त्या दिवशी तेही घरी नव्हते. घशाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते.

काका बसचे कंडक्टर. उभा जन्म "चला, पुढे सरका" ओरडण्यात गेलेला माणूस. हाक मारली की खालच्या दुकानातला वाणी दचकायचा. डॉक्टरांनी त्यांची आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला, आवाज गेला. श्वास आता गळ्याला पाडलेल्या भोकातून. तिथे एक नळी.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी ताईला जवळ बोलावलं आणि हवेत एक चौकोन काढला. मग त्या चौकोनावर एक बोट टेकवलं.

ताईला लगेच कळलं.

ते फळा मागत होते.

फळा म्हणजे ताईने मावशीसाठी बनवलेला प्रोग्राम. शेवटच्या वर्षी मावशीचं सगळं अंग लुळं पडलं होतं. बोलणं बंद. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. ताई धंद्याने प्रोग्रामर, वजनकाट्यांचे डिजिटल पडदे तयार करणाऱ्या कंपनीत. तिने एका टॅबलेटवर मोठाली बटणं मांडून दिली. पाणी. दिवा. दुखतंय. बाबा. अशी बरीच. बटण दाबलं की पिवळं व्हायचं आणि ताईच्याच आवाजात तो शब्द ऐकू यायचा. एक वर्षभर मावशी त्या फळ्यावरून बोलली. घर चालवलं म्हणा ना! भाजीत मीठ जास्त पडलं तरी तिथून ओरडा यायचा.

मावशी गेल्यावर टॅबलेट कपाटात गेला. बॅटरी फुगून त्याची पाठ उकलली. कायमचा गेला.

"फोनमध्ये असली ढीगभर ॲप असतात की," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ.

"त्यांना ढीग नकोय," ताई म्हणाली. "आईचा फळा हवाय."

काका सोमवारी घरी यायचे होते. धाकटा हॉस्पिटलात थांबला. आणि ताई रविवारी सकाळी तळहाताएवढा एक छोटा कॉम्प्युटर घेऊन त्या रिकाम्या घरात शिरली.

वाटलं होतं, तासाभराचं काम.

पण फळा ज्या लायब्ररीवर उभा होता ती जुनी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. पडद्यावर खिडक्या, बटणं, अक्षरं काढून देणारा आयता कोड. एकदा प्रोग्राम लिहा, कुठल्याही जातीच्या कॉम्प्युटरवर चालवा, असं तिचं कौतुक. पण या छोट्या मशीनसाठी ती जुनी आवृत्ती तयार मिळेना. मग काय? तयार पीठ मिळेना तर गहू आणायचे आणि घरी दळत बसायचं. मूळ कोड उतरवायचा आणि त्याच मशीनवर बांधून काढायचा. याला ते लोक बिल्ड करणं म्हणतात.

ताईने मशीन बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं. हाताशी फक्त कीबोर्ड. माऊस स्वतःच्या घरी विसरलेला. बोटाने दाबायचा पडदा अजून खोक्यातच होता, शेवटी जोडू म्हणून ठेवलेला.

आणि सुरू झालं रडगाणं.

हे नाही, ते नाही. एक फाइल सापडत नाही, ती आणली तर तिला तिसरीच हवी. तिसरी आणली तर म्हणे आवृत्ती चुकली. अर्ध्यात येऊन मेमरी संपली आणि सगळं कोसळलं. ताईने पुन्हा सुरू केलं. या वेळी सावकाश, एका वेळी एकच फाइल.

टीव्हीवर पांढऱ्या ओळी मुंगीच्या पावलांनी वर सरकू लागल्या.

दोन आठवडे तिची झोप अशी झालीच नव्हती. ऑफिस, हॉस्पिटल, स्वतःचं घर. नवरा परगावी. अंगात त्राण नव्हतं. तिने टेबलावर डोकं टेकवलं.

"झोपले नव्हते," ती मला तीन-चारदा म्हणाली. "डोळे मिटलेले होते. पंख्याचा आवाज ऐकू येत होता."

त्या मशीनला नखाएवढा पंखा असतो. काम चालू असलं की बारीक भुणभुण करतो. ती ऐकत ती पडून राहिली.

आणि मग...

भुणभुण थांबली.

तिला वाटलं, पुन्हा कोसळलं. पण डोकं उचलायचासुद्धा कंटाळा. पडल्या पडल्या तिच्या लक्षात आलं, फ्रिजही बंद झालाय. खालचं पाणीही. दुपारी घरात जे बारीकसारीक आवाज असतात ना, त्यातला एकही नव्हता.

मग आतल्या खोलीतून...

टक.

काचेवर नख आपटावं तसं.

थोडं थांबून... टक.

ताई उठली. आत गेली. काकांसाठी सकाळीच घातलेला पलंग तसाच. चादरीवर सुरकुती नाही. खिडकी लावलेली. कपाट बंद.

कुणी नव्हतं.

"कबुतर असेल," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

ती बाहेर आली. पंखा पुन्हा भुणभुणत होता. फ्रिजही. खाली गाडीवर पाणी पडत होतं.

आणि टीव्हीवरचं काम संपलेलं होतं.

नुसतं बांधून झालं नव्हतं. लायब्ररी मशीनमध्ये बसवूनही झाली होती. खाली कर्सर लुकलुकत होता, पुढच्या हुकमाची वाट बघत.

आता हे नीट ऐका. बिल्ड आपोआप संपेल, पण बसवणं आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळा हुकूम टाइप करावा लागतो. वर मशीन पासवर्ड मागतं. त्याशिवाय एक पाऊल पुढे जात नाही.

ताईने हुकूम दिला नव्हता.

पासवर्डही टाकला नव्हता.

"मग तुला काय वाटलं?" मी विचारलं.

"काय वाटणार? वाटलं, दमलेय, मीच केलं आणि विसरले. खरं सांगू? बरंच वाटलं. एक काम कमी झालं."

माणूस दमला की भीतीलाही दारात थांबवतो, बघा.

तिने फळ्याचा जुना कोड आणला, नव्या लायब्ररीला जोडला आणि चालू केला.

टीव्हीभर खिडकी उघडली. बटणं आली. तीच मोठाली, तशीच मांडलेली. पण त्यांच्यावर अक्षरं नव्हती. अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. मशीनमध्ये आपल्या लिपीचा फाँट नसला की असं होतं. आवाजाच्या फाइलीही अजून घालायच्या होत्या.

म्हणजे मुका आणि कोरा फळा.

तरी ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांनी तो दिसत होता.

ती फाँट शोधायला फोन हातात घेते न घेते तोच...

डावीकडचं खालचं बटण पिवळं झालं.

माऊस नव्हता. पडदा खोक्यात. तिचे दोन्ही हात फोनवर.

बटण पिवळंच राहिलं. खूप वेळ. मग हळूच विझलं.

ताईने फोन टेबलावर ठेवला.

साधं दाबलेलं बटण लगेच सुटतं. इतका वेळ दाबलेलं ते एकाच माणसाचं असायचं. मावशीचं. तिला बोट टेकवता यायचं, पटकन उचलता यायचं नाही.

"कीबोर्ड अडकला असेल," ताई पुटपुटली आणि तिने कीबोर्डची वायर उपटून काढली. मशीनला आता टीव्ही आणि वीज, एवढंच.

ती उभी राहून बघत राहिली.

काही नाही.

काही नाही...

बटण पुन्हा पिवळं झालं.

तेच. डावीकडचं, खालचं.

त्यावर अक्षर नव्हतं, पण ताईला अक्षराची गरज नव्हती. ती जागा तिनेच निवडलेली. मावशीचं बोट जिथे आपसूक पडायचं तिथे. ज्याची तिला सगळ्यात जास्त गरज लागायची ते बटण तिथे.

कूस.

म्हणजे, मला कुशीवर वळवा.

ताईने धाकट्याला फोन लावला. का लावला, हे ती आजही सांगू शकत नाही. म्हणते, हात आपोआप गेला.

त्याने उचलला. आवाज झोपेतला.

"बाबांना कुशीवर वळव."

"काय? अगं, ते झोपलेत. नळीतून छान घोरल्यासारखं चाललंय."

"वळव म्हणते ना!"

"अगं पण नर्स म्हणाली..."

"बाळा, तुझ्या पाया पडते. वळव त्यांना. आत्ता."

ताईने आयुष्यात कधी धाकट्याला बाळा म्हटलं नव्हतं. मावशी म्हणायची.

फोन चालूच होता. पलंग करकरला. मग धाकट्याची कुरकुर. मग एक घरघर. मग धाकट्याचा आवाज पार बदलला, "बाबा? बाबा! सिस्टर! सिस्टर!"

धावपळ. भांडं पडल्याचा आवाज. मग फोन तुटला.

ताई टीव्हीसमोर तशीच उभी. बटण विझलेलं होतं.

किती वेळाने ते तिला माहीत नाही, पण धाकट्याचा फोन आला. तो रडत होता. काकांच्या नळीत कफाची गुठळी अडकली होती. कुशीवर वळवल्यामुळे ती सुटून पुढे आली आणि नर्सने ओढून काढली. उताणेच राहिले असते तर झोपेतच गुदमरले असते, आणि हाक मारायला त्यांच्याकडे आवाजच नव्हता.

"तुला कसं कळलं?" धाकट्याने विचारलं.

ताईने सांगितलं.

त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "आई गं..."

काका घरी आले. फाँट बसला, आवाज बसला. आता फळ्यावरून तेच बोलतात. एक बटण त्यांनी मुद्दाम घालून घेतलं, "पुढे सरका." भेटायला गर्दी झाली की दाबतात, आणि खोलीभर हशा होतो. कुशीचं बटण मात्र पुन्हा आपोआप कधी दाबलं गेलं नाही. नातेवाइकांत ही गोष्ट झाली. ऐकणारा प्रत्येकजण हात जोडतो आणि म्हणतो, "बघा, जाऊनही नवऱ्याला वाचवलं. पुण्याई लागते."

मीही तेच म्हणालो होतो. परवा ताईकडे गेलो तेव्हा. ती फारच वाळलीये. डोळ्यांखाली काळं. काका आता बरे आहेत, रात्री त्यांच्याजवळ धाकटा असतो, तरी हिला झोप नाही.

"आता तरी नीट झोपत जा," मी म्हणालो. "मावशीची नजर आहे तुमच्यावर."

"सगळे तेच म्हणतात," ती म्हणाली. "की ती बाबांसाठी आली."

"मग?"

"तिने बाबांचं नाव कुठे घेतलं?"

तिने हवेत एक चौकोन काढला.

"फळ्यावर 'बाबा' असं बटण होतं रे. तिला बाबांबद्दल काही सांगायचं असलं की आधी ते दाबायची, मग दुसरं. नेहमी. वर्षभर. त्या दिवशी तिने ते दाबलंच नाही. नुसतं कूस. पुन्हा कूस."

तिने तळहाताने डोळे चोळले.

"नुसतं कूस ती स्वतःसाठी म्हणायची," ताई म्हणाली. "उताणं पडून पडून पाठ भाजून निघाली की. दोन वर्षं झाली... मी कुठे जाऊन वळवू तिला?"