हरिश्चंद्राची तार

विनीत लाइनमन वालावलला उतरला तो टळटळीत दुपारी. काम साधंच, आनंदीबाईंच्या घरी जुन्या टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणि टीव्ही चालू करून द्यायचा. खाडीपलीकडे दुसरी कुठली केबल पोचतच नव्हती. सहा वर्षं कंत्राटावर घासलेला माणूस तो. ओरोसच्या साहेबांनी बजावलं होतं, आज पाचच्या आत काम करून त्याच तारेवरून स्वतः फोन केलास तर कायम होशील, नाहीतर उद्यापासून घरी बस.

आनंदीबाईंची तार पार कुजलेली. कुंपणाजवळच्या पेटीत एकच शाबूत होती, शेजारच्या बंद घराची.

"ती नको रे बाबा," आनंदीबाई पायरीवरून म्हणाल्या. "हरिश्चंद्राची ती. फोनार बोलता बोलता कफान घुसमाटलो. तीन दिसांनी दार फोडला, तेव्हा रिसीव्हर तोंडाकच होतो."

"काकी, मेलेल्या माणसाक तार कित्याक व्हयी?" विनीत हसला. "कोणाक सांगू नकात म्हणजे झाला."

पक्कड कमरेलाच होती. पण लाइनमन लोकांची खोड जाईल तर शपथ! तारेचं वेष्टण सोलायचं ते दातांनीच. त्यानं तार तोंडात घेतली, चावली...

शी शी शी! जिभेवर काहीतरी बुळबुळीत आलं. केबलमध्ये वंगण भरलेलं असतं हे त्याला ठाऊक होतं, पण वंगण असं कोमट असतं होय? चव शिळ्या तंबाखूची, कित्येक दिवस न खळखळलेल्या तोंडाची. तो थुंकला, बोटांनी जीभ खरवडली. बोटाला चिकट तंतू लागला, ओढावा तितका लांबतच गेला. नकळत आवंढा गिळला गेला आणि ते उरलेलं घशात जाऊन बसलं.

किळस आली म्हणून नोकरी थोडीच सोडता येते? त्यानं तार जोडली. इंटरनेटच्या डब्यावरचा दिवा हिरवा झाला, टीव्हीवर चित्र लख्ख उमटलं.

"इला गो बाय!" आनंदीबाई म्हणाल्या.

पाचला दहा मिनिटं होती. विनीतनं घरातला फोन उचलला.

"साहेब... वालावलचं काम झालं. मी विनीत..."

"कोण? आजोबा, आधी तोंडातलं थुंका बघू. काही कळत नाही."

"मीच विनीत, साहेब..."

घसा घरघरला. त्याचा त्यालाच तो आवाज ओळखू येईना. आनंदीबाईंनी पदर नाकाला लावला आणि त्या भिंतीला टेकत टेकत दारापाशी सरकल्या. त्यांना तो आवाज चांगलाच ओळखू आला होता.

"आजोबा, थट्टा पुरे," साहेब वैतागले. "विनीतला द्या फोन. तुमच्या मागे केव्हाचा बोंबलतोय तो... कुठे कोंडलंय त्याला?"