उन्मेषच्या जुन्या फोनवर

"ही साइट ज्याने बनवली ना, त्याला एकदा इथे आणून बसवायला हवं," शेजारच्या खुर्चीवरचा तरुण फोनकडे बघत पुटपुटला.

"बसलेच आहे," ऋता म्हणाली.

त्याने वर पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या.

परळच्या त्या फिजिओथेरपी केंद्राची नंबर लावायची साइट ऋताने बनवली होती. तक्रारी वाढल्या, म्हणून ती स्वतः बघायला आली होती. हा तरुण, उन्मेष, दर मंगळवारी करी रोडहून वडिलांना घेऊन यायचा. त्याच्या जुन्या फोनवर पान उघडेपर्यंत सकाळच्या वेळा भरून जायच्या, आणि अर्धं अंग लुळं पडलेले बाबा दुपारपर्यंत ताटकळायचे.

ऋताने त्याचा फोन हातात घेऊन पाहिला.

"चूक माझी आहे. काम करताना आम्ही कोडमध्ये आमच्यापुरत्या गोष्टी घालतो — सूचना, तपासणीची बटणं. लोकांना साइट देताना ते गाळायचं असतं. मी ते सेटिंग लावायलाच विसरले. सगळं ओझं तुमच्या फोनवर येतंय."

"लगेच कबूल केलंत."

"तुमचे बाबा समोर बसलेत... खोटं कसं बोलू?"

पुढच्या मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन आली. नवी साइट त्याच्या फोनवर क्षणात उघडली. पण नंबर लागेना. ऋताचा चेहरा उतरला. ती ओळ न् ओळ तपासत बसली. नंबर साठवणारी ओळ तिनेच कधीतरी तपासणीच्या कोडमध्ये लिहिली होती. गाळताना तीही गेली होती. उन्मेषने काही न विचारता चहा आणून ठेवला आणि स्क्रीनवर ऊन येत होतं तिथे आडवा उभा राहिला.

तिने ओळ बाहेर काढून परत जागेवर लावली.

"आता तू बघ."

तो 'तू' दोघांनीही ऐकला. बाबांच्या नावाने पुढच्या मंगळवारची साडेनऊची वेळ मिळाली होती.

त्या मंगळवारी बाबा बरोबर साडेनऊला आत गेले.

"झालं तुझं काम," उन्मेष म्हणाला. "आता इथे यायचं कारण उरलं नाही."

"नाही उरलं. येताना शोधत होते... सापडलं नाही. तरी आले."

त्याने फोन खिशात ठेवला.

"नंबर लागला ना, तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं. बाबांची सोय झाली आणि मला वाईट वाटतंय — लाजच वाटली. तू येणं थांबेल, एवढंच डोक्यात होतं."

ऋताने मान खाली घातली. हसू लपलं नाही.

"बाबा कधी सुटतात?"

"पाऊण तासाने."

"मग चल, फिरून येऊ. हात दे, पायऱ्या आहेत."

तीनच पायऱ्या होत्या. उतरून झाल्यावरही त्याने हात सोडला नाही.