तीन मे १८२९

भिंतीत दगडाच्या जागी भोक होतं. दोन फूट रुंद, फूटभर उंच, चारी बाजूंनी नीट कापलेलं.

उर्वीने आधी फोटो काढले. इमारतींच्या चुन्याची परीक्षा हे तिचं काम. मेडनहेडहून पहाटे निघून ती लेस्टरजवळच्या या खेड्यात आली होती, ती या भोकातला दगड पाहायला.

"काल संध्याकाळपर्यंत होता," लिली आंटी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. "सकाळी कचऱ्याची पिशवी टाकायला आले, तर हे."

चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, साध्या विटांचं होतं. मोजे विणणाऱ्या, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या कारागिरांनी दिवसाचं काम आटोपून, संध्याकाळी स्वतः बांधलेलं. त्याला टेकून राखणदाराचं घर. लिली आंटींचे पती हॉवर्ड शेवटचे राखणदार. ते गेल्यापासून आंटी एकट्याच तिथे राहत होत्या. चॅपल आता विकायचं होतं. जुना करार सांगत होता, की घर चॅपलबरोबरच बांधलेलं असेल तर राखणदाराच्या विधवेला तिथून हलवता येणार नाही. नंतर जोडलेलं असेल, तर तेही विकता येईल. ते उर्वीच्या अहवालावर ठरणार होतं.

मार्चमध्ये आयव्हीची वेल काढताना, चॅपल आणि घर जिथे जुळतात तिथेच हा दगड सापडला होता. उर्वीकडे त्याचा फोटो होता. 'चॅपल व राखणदाराचे घर. पायाभरणी, ३ मे १८२९.'

"वेल कोणी काढली?"

"मी," इमॅन्युएल म्हणाला. आंटींचा धाकटा भाऊ. जुन्या चर्चची दगडी दुरुस्ती करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "आणि दगड कोणी नेला तेही सांगतो. ते बघा, गाडीतून उतरतायत."

चॅपल विकत घेणारे सतीश वॉटफर्डचे दंतवैद्य होते. त्यांनी भोकात डोकावून पाहिलं.

"मी कशाला नेऊ? फोटो तर सगळ्यांकडे आहे."

"फोटोतला चुना तपासता येत नाही, डॉक्टर," इमॅन्युएल म्हणाला. "दात उपटायची सवय तुम्हालाच."

"अहो, दात तरी भूल देऊन काढतो मी!"

आंटी हसल्या नाहीत. त्यांच्या दाराशी खोक्यांची रांग होती.

"सामान बांधलंत?" उर्वीने विचारलं.

"निम्मं. हत्यारांची पेटी तेवढी राहिली. नळ गळायचा ना, तेव्हा माझी पंचाईत व्हायची. हा इमॅन्युएल शनिवारी पाना धरत नाही, हॉवर्ड रविवारी खिळा ठोकत नसे. नळाला पाचच दिवस मिळायचे."

उर्वीने बाटली काढून भोकाच्या कडांवर फवारा मारला. ताज्या चुन्यावर हे द्रावण गुलाबी होतं. वर्षानुवर्षं हवा खाल्लेल्या चुन्यावर त्याला रंग येत नाही.

कडा गुलाबी झाल्या.

तिने भोकाच्या आत, मागच्या विटांच्या सांध्यांवर फवारलं. रंग आला नाही. तिने टॉर्च लावून त्या विटा बराच वेळ पाहिल्या. मग फोन काढून एक जुनं कॅलेंडर तपासलं.

"इमॅन्युएल अंकल, दगड तुम्हीच नेलात ना?"

सतीशनी चमकून पाहिलं.

"दगडाभोवतीचा चुना यंदाचा आहे," उर्वी म्हणाली. "म्हणजे दगड मार्चमध्ये सापडला नाही, मार्चमध्ये बसवला. वेल काढणारे तुम्हीच, आणि इतकं सफाईदार काम इथे दुसऱ्या कोणाला येतं? मी चुना तपासणार हे कळल्यावर तुम्ही तो काढला. पण चुना नसता तरी तारीख बोलली असती. तीन मे १८२९ ला रविवार होता. रविवार मेथडिस्टांचा प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी त्यांनी पायाभरणी करणं शक्यच नव्हतं. तुम्ही कॅलेंडर पाहिलं असणार, पण फक्त शनिवार टाळायला."

"शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या ज्यूंचा, शनिवार तेल्याचा नातू मी," इमॅन्युएल हळूच म्हणाला. "कामाची सुरुवात आमच्यात रविवारीच." तो बहिणीकडे वळला. "ताई, तुला रस्त्यावर काढणार होते गं."

"तुम्ही दगडासाठी पुढच्या विटा कापल्यात," उर्वी म्हणाली. "मागच्या शाबूत आहेत. त्या अर्ध्या चॅपलमध्ये, अर्ध्या घरात आहेत, आणि त्यांचा चुना जुना आहे. दोन्ही भिंती एकदमच चढल्या. खरा पुरावा तुम्ही तुमच्या दगडाने झाकला होता."

इमॅन्युएल पायरीवर बसला.

"म्हणजे मी काहीच केलं नसतं तरी..."

"तरी घर आंटींचंच राहिलं असतं. आता अहवालात दगडाबद्दलही लिहावं लागेल. तुमच्या नावासकट."

"मग मला पुन्हा कोणी काम देणार नाही."

उर्वीने बाटली पिशवीत ठेवली.

लिली आंटी भिंतीकडे पाहत होत्या. "मी इथे राहायचं की नाही, तेवढं सांग."

"राहायचं."

त्यांनी मान हलवली. दाराशी जाऊन वरच्या खोक्याची चिकटपट्टी नखाने सोडवू लागल्या. ती निघेना. इमॅन्युएल उठला, तशा त्या म्हणाल्या, "तू नको. तू आज कशाला हात लावू नकोस."