पहिल्या थरातला काळोख

बसा नीट. आणि तो फोन पालथा ठेव आधी, त्याचा उजेड डोळ्यांत जातो. गोष्ट सांगतो, पण मध्येच 'खरं का हो' असं विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस रोज सकाळी माझ्या दुकानासमोरून जातो. शूटिंगवाला. हो, तोच, कोपऱ्यावरच्या स्टुडिओचा. आता तिथे पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सच चालतं, पण पाटीवर अजून 'व्हिडिओ शूटिंग' लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी मी हिशेब आवरत होतो, तेवढ्यात हा आला.

"दादा, डबल लेयर डिस्क आहेत का?"

"आहेत, धूळ खात पडल्यात. आता कोण घेतं? सगळ्यांचं सगळं फोनमध्ये."

"म्हातारीकडे साधा फोन आहे. डीव्हीडी प्लेअर मात्र चालतो तिचा."

म्हातारी कोण, ते सांगायला हवं. ह्या शूटिंगवाल्याच्या बायकोचं हे दुसरं लग्न. तिचा पहिला नवरा म्हणजे ह्याचाच भागीदार. स्टुडिओ दोघांनी मिळून काढलेला. छातीत कळ येऊन तो गेला तेव्हा त्याची पोरगी सहा वर्षांची होती. पुढे ह्याने त्या बाईशी लग्न केलं आणि पोरगी पदरात घेतली. माणूस सरळ. पोरीला सायकल शिकवली, ती तापाने फणफणली की उशाशी बसून राहिला, कधी हात उगारला नाही. पण पोरगी त्याला काका म्हणायची, ती आजही काकाच म्हणते. आणि म्हातारी ही त्या पहिल्याची आई.

पोरगी नोकरीसाठी परदेशी निघाली होती. रविवारी पहाटे घर सोडायचं, वाटेत आजीच्या पाया पडायचं आणि पुढे विमानतळ. ती म्हणाली, "काका, आजीसाठी एक डिस्क कराल? मी बाळ होते तेव्हापासून आत्तापर्यंतची. पण एकच हं. तिला डिस्क बदलायला जमत नाही. प्लेअरमध्ये घालून ठेवीन, तिने नुसतं बटण दाबायचं."

ह्याला आनंद झाला. म्हातारीने कधी ह्याचा अपमान केला नव्हता, पण कधी 'जावई' म्हटलं नव्हतं की 'मुला' म्हटलं नव्हतं. भेटली की विचारायची, "काय, बरे आहात ना?" पोस्टमनला विचारावं तसं. आता ती रोज टीव्हीसमोर बसून बघणार होती, की आपल्या नातीला वाढवलं कोणी. ह्याला तेवढंच हवं होतं. कोणी तोंडाने 'बाप' म्हणू नये, पण दिसावं तरी.

डिस्क घेऊन हा घरी गेला. खाली स्टुडिओ, वर बिऱ्हाड. वर पोरीची बॅग भरणं चाललेलं, हा खाली क्लिपा निवडायला बसला. पहिल्याने पोरीचं शूटिंग भरपूर केलेलं होतं. पोरगी रांगते, धडपडते, खिदळते. आणि प्रत्येक क्लिपमध्ये शेवटी कॅमेऱ्याकडे धावत येते. प्रत्येक. हा बघत राहिला. मग त्याने कात्री लावली. ही हलते फार. ही अंधारी आहे. हिच्यात श्वासाचा आवाज येतो. तो खरंच यायचा, कारण कॅमेरा खांद्यावर असला की माइक तोंडापाशी येतो, आणि पहिल्याचा श्वास मोठा. पूर्वी दोघं त्यावरून हसायचे. आता ह्याने तेच निमित्त करून एकेक क्लिप उडवली. उरली पंधरा मिनिटं. स्वतःच्या क्लिपा ठेवल्या तासभर.

आता थोडं डोकं चालवा. डबल लेयर डिस्कला दोन थर असतात, एकावर एक. यंत्र पहिला थर लिहितं आणि मग लेसर दुसऱ्या थरावर उडी घेतो. नियम असा, की पहिला थर दुसऱ्याएवढा तरी हवाच. लहान चालत नाही. ह्याला स्वतःचं सगळं दुसऱ्या थरावर, सलग हवं होतं. आपलं मध्येच कुठे तुटायला नको. पण पहिल्याचं एवढं कापल्यावर पहिला थर भरणार कसा? कापलेलं परत घातलं असतं की झालं असतं. हे ह्याला कळत नव्हतं असं नाही. पण मत्सर वाईट हो. ह्याने त्या जागेत नुसता काळा पडदा भरला. आवाज नाही, चित्र नाही. प्लेअर तेवढा भाग वगळून पुढे जाईल अशी सोय केली. म्हणजे बघा, अंधार चालला, पण तो माणूस नको.

बायको चहा घेऊन खाली आली. पडद्यावर नजर टाकून म्हणाली, "त्याचं एवढंच?"

"बाकीचं खराब झालंय. जुन्या टेपा त्या."

तिने कप टेबलावर ठेवला. "बरं," म्हणाली आणि वर गेली.

पहिली डिस्क लावली. निम्म्यावर आली आणि बोंबलली. जिथे लेसर उडी घेतो, नेमकी तिथे. ह्यात नवल काही नाही, डबल लेयरचं दुखणं ते, बहुतेक तिथेच मरतात. ह्याने स्पीड कमी केला आणि दुसरी लावली. निम्म्यावर गेली आणि ट्रे बाहेर. मग लेन्स पुसली, केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तिसरी. निम्म्यावर. माळ्यावरून डिस्क लिहिणारा दुसरा राइटर काढला, तो जोडला, अगदी मुंगीच्या पावलाने चौथी चालवली. निम्म्यावर... खट्. ट्रे बाहेर.

वरचे दिवे मालवले होते. बायको जिन्यावरून हळूच म्हणाली, "अहो, झोपा आता. नाही झालं तर राहू दे."

"तू झोप. येतो मी."

पाकिटात एकच डिस्क उरली होती. माझं दुकान बंद. गाडी पहाटे. यंत्रात दोष नाही, डिस्कमध्ये नाही, म्हणजे फाइलीतच असणार, असं म्हणून ह्याने फाइल सुरुवातीपासून लावली. पंधरा मिनिटं पोरगी. मग काळा पडदा. तो पुढे ढकलणार, एवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. आवाज दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या हलत होत्या.

तिथे आवाज नव्हता. ह्याने घातलाच नव्हता.

पट्ट्या वर जात होत्या. खाली येत होत्या. वर... खाली...

ह्याने हेडफोन लावले.

श्वास. मोठा, संथ. कॅमेरा खांद्यावर घेतलेल्या माणसाचा.

शूटिंग करणारी माणसं बटण दाबताना श्वास रोखतात, हात हलू नये म्हणून. तो श्वासही तसाच थांबला. पट्ट्या खाली पडल्या. हा वाट बघत राहिला. पडदा काळा. श्वास सुटेना...

ह्याने हेडफोन काढले. टेबलावर ठेवले. कॉम्प्युटर बंद केला.

आणि मग श्वास सुटला.

त्याच्या मागे. अगदी जवळ.

...

त्याने वळून पाहिलं नाही. मी असतो तर मीही पाहिलं नसतं. मग त्याने कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा काढला. कापलेली एकेक क्लिप जागेवर ठेवायला लागला. हलणारी. अंधारी. श्वासाची. तोंडाने म्हणत होता, "घे. घे तुझं. सगळं घे."

शेवटची डिस्क लावली.

अठ्ठेचाळीस टक्के. एकोणपन्नास. पन्नास...

पन्नास...

एक्कावन्न.

डिस्क पूर्ण झाली. ह्याने ती टीव्हीवर लावून पाहिली. पहिल्याचं सगळं निघालं, छान निघालं. मग चित्र पापणी लवण्याएवढं अडखळलं, थर बदलला, आणि ह्याचं सुरू झालं. सायकलची संध्याकाळ. पोरगी आठ-नऊ वर्षांची, पहिल्यांदा आधाराशिवाय चालवते आहे. आणि चालवता चालवता तिने मान वर केली, इकडे पाहिलं आणि हसली.

ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण ती क्लिप त्याला तोंडपाठ होती. त्या संध्याकाळी पोरीची नजर हँडलवरून हललीच नव्हती. त्याने कॉम्प्युटरवरची मूळ फाइल उघडली. नजर हँडलवर. टीव्हीवर पाहिलं. नजर इकडे. पुढची क्लिप लावली, अभ्यासाची. मूळ फाइलीत वहीकडे बघते, डिस्कमध्ये इकडे. मग तो टीव्हीच्या अगदी जवळ गेला, निरखून पाहिलं... आणि तिथेच खाली बसला.

पहाटे पोरीने डिस्क बॅगेत घातली. "येते काका. आईला सांभाळा." गेली.

हे सगळं त्याने मला चार दिवसांनी सांगितलं. मी म्हटलं, "अरे, घाबरलास ना?" तर म्हणतो, "घाबरलो. पण ते नाही हो दादा. तो पोरीचा बाप होता, मान्य. पहिली सहा वर्षं त्याची, तीही मान्य. पण मला वाटायचं, ती सायकलची संध्याकाळ तरी माझ्या एकट्याची आहे." आणि माझ्यादेखत रडला, एवढा मोठा माणूस.

मला काही उलगडेना. पोरीने कॅमेऱ्याकडे पाहिलं, तर ह्याला सुख व्हायला हवं. म्हणून एकदा त्या बाजूला काम निघालं तेव्हा आजीकडे गेलो. तिने हौसेने बटण दाबलं. सायकल आली, पोरीने मान वर केली, हसली. मी पुढे सरकून पाहिलं.

ती कॅमेऱ्यात बघत नाही. कॅमेऱ्याच्या वर बघते. शूटिंगवाल्याच्या डोक्यावरून, त्याच्या मागे, चांगली वीतभर वर. पुढच्या क्लिपमध्येही तेवढंच वर. त्याच्या पुढच्याही.

पहिला माझ्या दुकानात यायचा, तेव्हा चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून यायचा.